लिम्फोसाइट ६० टक्के, पुढे ‘एच’: म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली का?

प्रश्न थोडक्यात असा: तापाचा चौथा दिवस, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली, एकूण पांढऱ्या पेशी २,४०० आल्या. त्यात न्यूट्रोफिल ३० टक्के, लिम्फोसाइट ६०, मोनोसाइट ८, इओसिनोफिल २, बेसोफिल शून्य. लिम्फोसाइटच्या पुढे ठळक ‘एच’ (हाय, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त) छापलेला. या पाच प्रकारच्या पेशी नेमकं काय करतात, आणि लिम्फोसाइट वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली असं धरायचं का?

मुळात त्या वाढलेल्याच नाहीत. टक्केवारी बाजूला ठेवा आणि गुणाकार करा. २,४०० चे ६० टक्के म्हणजे १,४४०. मोठ्या माणसात लिम्फोसाइट साधारण १,००० ते ४,००० असतात, म्हणजे हा आकडा मर्यादेतच आहे. आता न्यूट्रोफिल बघा: २,४०० चे ३० टक्के म्हणजे ७२०. त्या किमान दीड-दोन हजार असायला हव्यात. घट झालीय ती इथे, आणि शंभराची वाटणी करताना उरलेला वाटा लिम्फोसाइटच्या नावावर चढलाय. डेंग्यूसारख्या विषाणूच्या तापात अस्थिमज्जेचं काम काही दिवस मंदावतं, हे चित्र तेव्हा नेहमी दिसतं आणि बहुतेकांत आपोआप सुधारतं. अशा रिपोर्टमध्ये लक्ष ठेवायचं ते प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिटवर (रक्तातला लाल पेशींचा वाटा). प्लेटलेट उतरत असताना हिमॅटोक्रिट मूळच्या २० टक्क्यांनी वर गेला, तर रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतोय असं समजायचं.

दुसरी गोष्ट, या पेशींसाठी रक्त हा रस्ता आहे, मुक्काम नाही. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम २ टक्के रक्तात असतात. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, आतड्याचं अस्तर आणि मज्जेत. न्यूट्रोफिलचं आणखी मजेशीर. रक्तवाहिन्यांत असलेल्यांपैकीही सुमारे निम्म्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात, त्या सुईत येतच नाहीत. जिने धावत चढून लगेच रक्त दिलं, घाबरलात किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर त्या भिंतीवरून सुटतात आणि काउंट १२-१४ हजार दिसतो. स्टेरॉइडने त्याच वेळी इओसिनोफिल आणि लिम्फोसाइट खाली जातात. दम्यासाठी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याचा असा रिपोर्ट बघून ‘इन्फेक्शन वाढलं’ म्हणत अँटिबायोटिक चढवणं ही रोजची चूक आहे.

आता न्यूट्रोफिल करतात काय? पायात बाभळीचा काटा मोडला असं धरा. काट्याबरोबर जिवाणू आत गेले. त्वचेखाली आधीपासून राहणाऱ्या मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी पहिली बोंब ठोकतात. त्यांच्या रसायनांनी जवळची रक्तवाहिनी सैल होते. पाय लाल, गरम, सुजलेला दिसतो तो यामुळे. वाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाचे आकडे बाहेर येतात. वेगाने जाणारी न्यूट्रोफिल त्यांत अडकते आणि गडगडत मंदावते. मग इंटिग्रिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनांनी ती घट्ट चिकटते, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि रासायनिक वासाच्या मागे काट्यापर्यंत जाते. तिथे जिवाणू गिळून पिशवीत बंद करते. त्या पिशवीत ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी मायलोपेरॉक्सिडेज या विकराने हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. पाणी क्लोरिनने निर्जंतुक करतो तेव्हा मारण्याचं काम हेच आम्ल करतं. मायलोपेरॉक्सिडेजचा रंग हिरवा असतो, म्हणून पुवाला आणि जुन्या सर्दीच्या शेंबडाला हिरवट छटा येते. तेव्हा हिरवा बेडका म्हणजे ‘न्यूट्रोफिल आल्यात’ एवढंच. अँटिबायोटिक हवंच असा त्याचा अर्थ नाही.

पेशी परकी वस्तू गिळते हे काट्यानेच उघड झालं. इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा खुपसला आणि भोवती जमलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. त्यांचेच विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आले आणि १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाची.

न्यूट्रोफिल अल्पायुषी. मज्जा रोज सुमारे १०० अब्ज नव्या बनवते आणि रक्तातला त्यांचा मुक्काम तासांत मोजायचा. म्हणून मज्जेला धक्का बसला की सगळ्यात आधी याच कमी पडतात. केमोथेरपीनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या तळाला जातात. ५०० च्या खाली असताना एकदाही ३८.३ अंश सेल्सिअस, किंवा तासभर ३८ ताप राहिला तर ती तातडीची वेळ आहे; तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. इथे फसवणारी गोष्ट अशी की पू नसतो, जखम लाल होत नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसतो, कारण या सगळ्या खुणा उमटवायला न्यूट्रोफिलच लागतात. पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत वाट पाहणं जिवावर बेततं. थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल घेणाऱ्याचा घसा तापासह दुखायला लागला, तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं आणि त्याच दिवशी सीबीसी करायची, कारण या गोळीनेही क्वचित न्यूट्रोफिल अशाच घटतात.

उलट, आकडा भरपूर पण काम शून्य, असंही होतं. काही बाळांत इंटिग्रिन जन्मतःच सदोष असतं. न्यूट्रोफिल रस्त्यावरून उतरूच शकत नाहीत. रक्तात काउंट ३०-४० हजार, पण जखमेत पू नाही आणि एक-दोन आठवड्यांत पडणारी नाळ महिना झाला तरी पडत नाही. याच आजाराच्या दुसऱ्या, फार दुर्मीळ प्रकारात दोष फ्युकोज या साखरेच्या वाहतुकीत असतो. सिलेक्टिनला अडकायला फ्युकोज लागते आणि रक्तगटाचा ‘एच’ प्रतिजन बनवायलाही तीच लागते. त्यामुळे या बाळांचा रक्तगट निघतो बॉम्बे, म्हणजे ‘एच’ प्रतिजनच नसलेला, १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला तोच. (बॉम्बे गटाच्या इतर लोकांनी घाबरायचं कारण नाही. त्यांच्यातला दोष वेगळ्या विकरात असतो, न्यूट्रोफिल ठणठणीत असतात.)

मोनोसाइट रक्तात एक-दोन दिवस फिरते आणि ऊतीत शिरून मॅक्रोफेज होते. शिवाय यकृत, फुप्फुस, मेंदू यांत गर्भावस्थेपासून वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज वेगळ्या. न्यूट्रोफिल लढून मरते. मॅक्रोफेज मेलेल्या न्यूट्रोफिल साफ करते, जखम भरायला लावते आणि गिळलेल्याचे तुकडे टी पेशींना (लिम्फोसाइटचा एक प्रकार) दाखवते. पण क्षयाचा जंतू नेमका हिच्याच पोटात घर करतो. गिळल्यावर पिशवीत पाचक रस ओतले जायला हवेत, तो जोड हा जंतू होऊ देत नाही. मग मदतीला सीडी४ टी पेशी लागते. ती गॅमा इंटरफेरॉन सोडते, त्याने मॅक्रोफेजची मारण्याची ताकद वाढते. तरीही जंतू संपले नाहीत तर मॅक्रोफेज आणि टी पेशी मिळून त्यांच्याभोवती गाठ बांधतात, ग्रॅन्युलोमा. जंतू आत जिवंत, पण कोंडलेला. ही भिंत उभी राहते टीएनएफ या रसायनावर. संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडॅलिमुमॅबसारखी टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं सुरू केली की भिंत ढासळते आणि वीस वर्षांपूर्वीचा क्षय उठतो. म्हणून त्याआधी छातीचा एक्स-रे आणि माँटू (त्वचेत टोचून) किंवा इग्रा (रक्तावर) तपासणी करायची. माँटूत ४८ ते ७२ तासांनी कडकपणा मोजायचा, लाली नव्हे. नुसती लाली मोजून ‘१५ मिलिमीटर पॉझिटिव्ह’ लिहिलेले कागद सर्रास दिसतात. आणि दोन्ही तपासण्या टी पेशींची आठवण दाखवतात, चालू आजार नाही.

टी पेशी बाहेरून एकसारख्या दिसल्या तरी प्रत्येकीचा ग्राहक वेगळा. एखाद्या विशिष्ट जंतूचा तुकडा ओळखणारी नवखी टी पेशी लाखात एखादी. तिची आणि जंतूची गाठ कशी पडणार? हे काम डेन्ड्रिटिक पेशीचं. फांद्या फुटलेली ही पेशी त्वचेत आणि श्लेष्मल अस्तरात बसून नमुने गोळा करते, मग लसिकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीत जाते आणि तिथून येजा करणाऱ्या टी पेशींपुढे ते तुकडे धरते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते याच वर्दळीमुळे. जुळणारी पेशी सापडली की ती दुभागत सुटते, पण पुरेशी फौज व्हायला आठवडाभर जातो. पहिले पाच-सात दिवस शरीर न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज अशा जन्मजात पेशींवरच तगून असतं. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन) आणि त्यानंतर आयजीएम (सुरुवातीची प्रतिपिंडं) तपासायला सांगतात, कारण आयजीएम बनवणाऱ्या पेशी तोवर तयारच नसतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून ‘डेंग्यू नाही’ म्हणणं चूक.

त्या फौजेत सीडी४ पेशी इतरांना कामाला लावतात आणि सीडी८ मारतात. विषाणूने पछाडलेली पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी प्रथिनात विषाणूचा तुकडा दाखवते. सीडी८ तो ओळखून परफोरिनने भोक पाडते आणि ग्रॅन्झाइम आत सोडते. काही विषाणू आणि कर्कपेशी चलाखी करतात, एमएचसीच लपवतात. मग एनके पेशीचा नंबर. ओळखपत्र न दाखवणाऱ्यालाच ती मारते. सीबीसीत मात्र टी, बी, एनके सगळ्या ‘लिम्फोसाइट’ या एकाच नावाखाली येतात. वेगळ्या मोजायच्या तर फ्लो सायटोमेट्री लागते. एचआयव्हीत सीडी४ वेगळी मोजतात ती अशीच, आणि २०० च्या खाली गेली की न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारखे आजार शिरतात. तिथे साध्या सीबीसीतला लिम्फोसाइटचा आकडा भरवशाचा नाही.

बी पेशीला जुळणारा जंतू सापडला की ती प्लाझ्मा पेशी होते आणि प्रतिपिंडं ओतते. आधी आयजीएम, मग सीडी४ च्या मदतीने आयजीजी. नव्या जंतूला याला एक-दोन आठवडे लागतात, आणि हा वेळ किती महाग पडतो ते कुत्रा चावल्यावर कळतं. रेबीजची लस म्हणजे बी पेशींना काम लावणं. त्यांची प्रतिपिंडं पुरेशी व्हायला ७ ते १४ दिवस. रक्त निघालं असेल, म्हणजे तिसऱ्या श्रेणीची जखम असेल, तर मधल्या काळासाठी तयार प्रतिपिंडं उसनी द्यावी लागतात, तेच इम्युनोग्लोब्युलिन. मानवी असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्याचं असेल तर ४०, आणि ते जखमेत व जखमेभोवती जेवढं मावेल तेवढं. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लशीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर देऊ नये, कारण तोवर स्वतःच्या बी पेशी कामाला लागलेल्या असतात. सगळ्यांत आधी साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुणं. हळद-चुना भरू नये.

प्रतिपिंड नेहमी मित्र असतंच असं नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडं टिकतात, पण दुसरा प्रकार आला तर ती त्याला अर्धवट चिकटतात, निकामी करू शकत नाहीत. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज प्रतिपिंडाची शेपटी पकडून विषाणू आत ओढतात, आणि तो त्यांच्यातच वाढतो. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यावर जास्त नजर ठेवायची ती म्हणून.

इओसिनोफिलबद्दल थोडंच. तिचं लक्ष्य गिळायला फार मोठं, म्हणजे कृमी. ती चिकटून विषारी कण वर ओतते. ५०० पर्यंत चालतं. ६००-८०० असेल तर आपल्याकडे कारण बहुधा अ‍ॅलर्जी, दमा किंवा जंत. विदर्भात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आहे. तिथल्या माणसाला रात्री वाढणारा कोरडा खोकला, घरघर आणि इओसिनोफिल ३,००० च्या वर असेल तर नुसता दमा समजून पंप देत बसू नये. फायलेरियाच्या जंतांमुळे होणारा इओसिनोफिलिया असतो, डीईसी या औषधाने उतरतो. बेसोफिल शून्य आली तर दुर्लक्ष करा. तिची जोडीदार मास्ट पेशी रक्तात दिसतच नाही, पण अंगावर पित्त उठवते तीच. गांधीलमाशी चावून अंगावर गांधी उठल्या आणि श्वास अडकला किंवा चक्कर आली तर मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनालिन, एक-हजारांशचं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. अ‍ॅविल आणि स्टेरॉइड त्यानंतर. ती श्वास मोकळा करायला वेळेत पोचत नाहीत.

‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्या बाटल्यांबद्दल एकच प्रश्न विचारावा: कुठल्या पेशीची? संधिवात, टाइप १ मधुमेह, अ‍ॅलर्जी यांत कुठली तरी पेशी जास्तच काम करत असते. तिला आवरणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, नियामक टी पेशी. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधांना मिळालं. त्या बनवणारं फॉक्सपी३ हे जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, जुलाब आणि इसब एकदम होतो.

रिपोर्टवर विश्वास ठेवण्याआधी नमुन्याचंही बघावं. जांभळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली आणि आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट केलेली असावी. बारीक गुठळी झाली तर प्लेटलेट खोट्या कमी येतात. मज्जेतून निसटलेल्या केंद्रकयुक्त लाल पेशींना काही यंत्रं लिम्फोसाइट समजतात. यंत्राने शंका दाखवली की लिशमन रंगाची काच लावून माणसाने १०० पेशी मोजायच्या, पण शंभरात आज २ इओसिनोफिल आणि उद्या ५ निघाल्या तर तो फरक धरायचा नाही, नशिबाचा भाग असतो.

खरोखर प्रतिकारशक्तीची शंका असेल तर कुठला आजार परत परत होतो यावरून पेशी शोधतात. कान, सायनस, न्यूमोनिया वारंवार होत असतील तर प्रतिपिंडं, म्हणजे आयजीजी, आयजीए, आयजीएम तपासायची. गळवं, यकृतातला पू, बुरशीचा न्यूमोनिया असेल तर न्यूट्रोफिलची मारण्याची ताकद डीएचआर चाचणीने बघायची. त्याचं रक्त फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. सोबत निरोगी माणसाचा नमुना द्यायचा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं. नाहीतर वाटेत मेलेल्या पेशींमुळे निरोगी मूलही आजारी ठरतं.

आणि तान्ह्या बाळाच्या सीबीसीत तर गुणाकार हवाच. चार महिन्यांचं बाळ, तोंडातला मावा (पांढरी बुरशी) जात नाही, वजन वाढत नाही, एकूण पेशी ८,०००, लिम्फोसाइट २० टक्के. म्हणजे १,६००. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल तर ‘एच’ नाही, ‘एल’ नाही, सगळं नॉर्मल. पण या वयात लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात, आणि ३,००० च्या खालचा आकडा परत तपासून फ्लो सायटोमेट्रीला पाठवायचा असतो, कारण टी पेशीच नसण्याचा आजार असू शकतो. तो निकाल येईपर्यंत बाळाला कुठलीही जिवंत लस द्यायची नाही. पुढचं भावंड जन्मलं तर प्रसूतीच्या खोलीतच सांगून ठेवायचं, बीसीजी थांबवा, तीही जिवंत लसच.